दंडधारी दीर्घिका

श्रोतेहो, आज मी आपणांपुढें आकाशांतील एकाच वस्तूविषयीं बोलणार आहें. ग्रह, धूमकेतु, ग्रहणें यांविषयीं आपण वर्तमानपत्रांतून नेहमीं वाचीत असतां. परंतु मीं निवडलेली वस्तु नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं, पंचांगांत तिचा उल्लेख नाहीं, आणि तिला धड नांवहि नाहीं. तिला क्रमांक आहे : एन. जी. सी. १३६५. ड्रायर या डॅनिश ज्योतिर्विदानें आयर्लंडांतील आर्मा येथील वेधशाळेंत राहून १८८८ सालीं ७,८४० तेजोमेघांची व तारकागुच्छांची जी मोठी सूचि प्रसिद्ध केली, तींतील हा अनुक्रमांक होय. हजेरीपटावरील आंकड्यानें एखाद्या हुशार मुलाला हांक मारावी, तसें हें आहे. पण ज्यांना हा आंकडा परिचित आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें तो ऐकतांच एक अत्यंत डौलदार आकृति उभी राहते.

ती आकृति अशी. मधोमध एक तेजस्वी गाभा. त्याच्या आरपार दोहों बाजूंस गेलेला एक लांब, सरळ, पिंवळसर दंड. आणि त्या दंडाच्या दोन टोकांपासून एकदम वळून निघालेल्या दोन विस्तीर्ण निळसर भुजा. उंबरठ्याशीं काढलेल्या स्वस्तिकाची उभी रेघ तिच्या हातांसकट पुसून टाकावी, आडवी रेघ व तिचीं दोन वळलेलीं टोकें तेवढीं ठेवावींत, आणि मग त्या टोकांना दूरवर गोलाई देत न्यावें, म्हणजे या वस्तूचें चित्र बऱ्याच अंशीं तयार होईल. असंख्य तारे, वायु व धूळ यांचा गुरुत्वाकर्षणानें एकत्र बांधलेला जो प्रचंड परिवार, त्यास दीर्घिका म्हणतात. ज्या दीर्घिकांच्या भुजा चकलीसारख्या वळलेल्या असतात त्या सर्पिल. आणि ज्यांच्या मध्यभागीं असा दंड असतो त्या दंडधारी सर्पिल दीर्घिका. एन. जी. सी. १३६५ ही या जातीची अगदीं नमुनेदार व्यक्ति आहे.

माझा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. वर्गांत कोणीं कांहीं विधान केलें, कीं त्याला मी विचारीत असें : हें तूं पाहिलेंस, मोजलेंस, कीं तर्कानें काढलेंस ? तिन्हीं मार्ग सन्मान्य आहेत. पण एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली म्हणजे घोटाळा होतो. हल्लीं आकाशांतील वस्तूंचीं सुंदर रंगीत चित्रें घरोघर पाहावयास मिळतात, आणि त्यांखालीं जें लिहिलेलें असतें तें सर्वच डोळ्यांनीं दिसलेलें आहे अशी समजूत होते. तेव्हां या दीर्घिकेच्या बाबतींत काय पाहिलें गेलें, काय मोजलें गेलें आणि कशाचें अनुमान केलें गेलें, हें शक्य तितकें वेगळें ठेवून सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम ती आहे कोठें, हें पाहूं. डिसेंबरच्या अखेरीस रात्रीं साडेनऊच्या सुमारास आपल्या महाराष्ट्रांत कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळीं दक्षिणेकडे तोंड करावें आणि दृष्टि माथ्यापासून सरळ खालीं आणावी. पूर्वेस मृगनक्षत्र चांगलें वर आलेलें असतें आणि आग्नेयेस अगस्त्य नुकताच क्षितिजावर डोकावत असतो. मुंबई-पुण्याकडून पाहतां दक्षिण क्षितिजापासून सुमारें ३५ अंश उंचीवर, फारसे ठळक तारे नसलेला एक ओसाड प्रदेश दिसतो. त्याला फॉर्नॅक्स, म्हणजे भट्टी, हें नांव लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदानें दिलें. १७५१ व १७५२ या सालीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं, केप येथें बसून त्यानें दक्षिणेकडील तारे मोजले. आणि जुन्या लोकांनीं रिकाम्या सोडलेल्या जागांना देवांचीं वा पशूंचीं नांवें न देतां कारागिरांच्या व शास्त्रज्ञांच्या उपकरणांचीं नांवें दिलीं. ही भट्टी रसायनशास्त्रज्ञाची आहे. मला व्यक्तिशः हें नामकरण आवडतें.

या भट्टींत चांगल्या दुर्बिणींतून, गांवच्या दिव्यांपासून दूर असलेल्या माळरानावरून, आपणांस काय दिसेल ? निराश करणें बरें नव्हे, पण खरें सांगितलें पाहिजे : एक धुरकट, लांबट डाग. डोळा अंधाराला सरावल्यावर आणि दृष्टि किंचित् बाजूस वळविल्यावर त्या डागाला एक दांडा असावा असा भास होतो. भुजा दिसण्यास याहून मोठी दुर्बीण व याहून अंधारें आकाश लागतें. रंग मुळींच दिसत नाहींत. १८२६ सालीं जेम्स डनलॉप या स्कॉटिश गृहस्थानें ऑस्ट्रेलियांतील पॅरामाटा येथून स्वतः तयार केलेल्या ९ इंची आरशाच्या दुर्बिणींतून ही वस्तु प्रथम टिपली, तेव्हां त्यालाहि दिसला तो डागच. त्याची ६२९ वस्तूंची यादी १८२८ सालीं प्रसिद्ध झाली. दूरस्थ असे हजारों डाग, आणि ते म्हणजे काय याचा कोणासहि पत्ता नाहीं, अशी स्थिति पुढें जवळजवळ शंभर वर्षें होती.

दंडाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें तें छायाचित्रणामुळें. कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंतील हेबर कर्टिस यानें १९१८ सालीं अशा दंडधारी तेजोमेघांचा एक निराळा वर्ग मानला आणि ग्रीक वर्णमालेंतील 'फाय' या अक्षराशीं त्यांचें साम्य पाहून त्यांना तेंच नांव दिलें. पुढें १९२६ सालीं एड्विन हबलनें दीर्घिकांचें जें वर्गीकरण मांडलें, त्यांत साध्या सर्पिल दीर्घिकांची एक ओळ व दंडधारींची दुसरी ओळ केली. तें वर्गीकरण थोड्याफार सुधारणांसह आजहि चालू आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं हबलनें केलें तें केवळ रूपावरून. दंड कां असतो, तो काय करतो, हें त्या वेळीं कोणीं सांगूं शकत नव्हतें. वनस्पतिशास्त्रांतहि बाह्य रूपावरून आधीं कुळें ठरलीं आणि कारणें मागाहून कळलीं. तोच क्रम येथें दिसतो.

आतां अंतर. आकाशांतील वस्तूचें अंतर मोजणें हें सर्वांत अवघड काम. कारण लांबचा मोठा दिवा व जवळची लहान पणती सारखींच दिसतात. ही कोंडी हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन बाईंनीं फोडली. कांहीं ताऱ्यांचें तेज ठराविक दिवसांच्या अंतरानें कमी-जास्त होतें. त्यांना सेफीड तारे म्हणतात. ज्याचा फेरा लांब तो मूळचा अधिक तेजस्वी, असा नियम लेव्हिटबाईंनीं १९१२ सालीं दाखवून दिला. म्हणजे फेऱ्याचे दिवस मोजले, कीं ताऱ्याचें खरें तेज समजतें. दिसणारें तेज त्याच्याशीं ताडून पाहिलें, कीं अंतर निघतें. हबलचेंच नांव दिलेल्या अवकाशांतील दुर्बिणीनें एन. जी. सी. १३६५ मध्यें असे सुमारें ५० तारे शोधले आणि तें काम १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. अंतर निघालें सुमारें सहा कोटि प्रकाशवर्षें. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारें साडेनऊ लाख कोटि किलोमीटर. त्याची सहा कोटि पट करून पाहण्याचे श्रम मी आपणांस देत नाहीं. त्याऐवजीं दुसरी कल्पना करावी. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याच्या थरांचा बनला आहे, ते थर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरले. तो लाव्हा निवून कांहीं काळ लोटला, आणि त्यानंतर जो किरण त्या दीर्घिकेंतून निघाला, तो आज आपल्या दुर्बिणींत शिरत आहे. आपण पाहतों ती आजची दीर्घिका नव्हे. त्या काळची आहे.

अंतराचा हा आंकडा केवळ जिज्ञासेपुरता नाहीं. २०१२ सालच्या ऑक्टोबरांत याच दीर्घिकेंत एका ताऱ्याचा प्रचंड स्फोट दिसला. त्या जातीच्या स्फोटांचें मूळ तेज बहुतेक ठराविक असतें असें मानतात, आणि ते फार दूरच्या दीर्घिकांतहि दिसतात. ज्या दीर्घिकेचें अंतर सेफीड ताऱ्यांनीं पक्कें केलें आहे तींतच असा स्फोट व्हावा, म्हणजे लहान मोजपट्टीवरून मोठी मोजपट्टी तपासून घेण्याची संधि. विश्व किती वेगानें प्रसरण पावत आहे या प्रश्नावर आज शास्त्रज्ञांत जो तीव्र वाद चालू आहे, त्यांतील एक साक्षीदार म्हणून या दीर्घिकेला बोलावलें जातें. तींत १९५७, १९८३ आणि २००१ या सालींहि तारे फुटलेले दिसले. पैकीं २००१ सालचा तारा प्रथम पाहिला तो रॉबर्ट इव्हान्स या ऑस्ट्रेलियन धर्मोपदेशकानें. या गृहस्थांनीं शेंकडों दीर्घिकांचीं रूपें पाठ करून ठेवलीं होतीं. रात्रीं आपल्या दुर्बिणीनें एकामागून एक पाहत जात आणि कोठें एक ठिपका जास्त दिसला कीं लगेच ओळखीत. डोळ्यांनीं पाहून चाळीसांहून अधिक स्फोट त्यांनीं शोधले. पाठांतराची चेष्टा करणाऱ्यांनीं या पाठांतराचा विचार करावा.

अंतर कळलें म्हणजे आकार कळतो. ही दीर्घिका एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारें दोन लाख प्रकाशवर्षें रुंद आहे, आणि तिचा नुसता दंडच ५० हजार प्रकाशवर्षांच्या वर लांब आहे. ती आपल्यापासून सेकंदास सुमारें १,६०० किलोमीटर वेगानें दूर जात आहे. हें तिच्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून कळतें. त्याच पद्धतीनें तिच्या निरनिराळ्या भागांचे वेग मोजले, तर एक बाजू मध्यापेक्षां आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते असें आढळतें. म्हणजे ती फिरते. दंड व भुजा यांच्या आकृतीची एक फेरी पुरी होण्यास सुमारें ३५ कोटि वर्षें लागतात. येथें मात्र आपण पाहणें व मोजणें यांची सीमा ओलांडून अनुमानांत शिरलों. ही फेरी कोणीं पाहिलेली नाहीं व कोणीं पाहणारहि नाहीं. मनुष्यजातीच्या साऱ्या इतिहासांत हा दंड केसभरहि हललेला दिसणार नाहीं.

आणि फिरण्याविषयींच एक मोठी शंका उभी राहते. आंतले तारे केंद्राभोंवतीं लवकर फेरी पुरी करतात, बाहेरच्यांना उशीर लागतो. मग भुजा जर त्याच त्या ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या, तर थोड्याच फेऱ्यांत त्या दोऱ्याच्या रिळाप्रमाणें गुंडाळून एकजीव होऊन गेल्या असत्या. तसें झालेलें नाहीं. याचें जें उत्तर लिन व शू यांनीं १९६४ सालीं मांडलें तें असें, कीं भुजा ही वस्तु नसून दाटी आहे. आषाढी वारींत दिवेघाटाच्या चढणीवर गर्दी नेहमीं दाटते. उंचावरून पाहणारास ती दाटी तासन् तास त्याच जागीं दिसते. पण तींतील वारकरी सारखे बदलत असतात. मागचे येतात, मंदावतात, चढ संपला कीं मोकळे होऊन पुढें जातात. भुजेंतहि तारे व वायु शिरतात, दाटतात व बाहेर पडतात. वायु दाटला म्हणजे त्यांतून नवे तारे जन्मतात. नव्यांतील मोठे तारे निळे असतात व लवकर मरतात. म्हणून भुजा निळी. दंडांत बहुतांशीं वयस्क तारे, म्हणून तो पिंवळा.

दंडाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तो एखाद्या लोखंडी कांबीप्रमाणें आकार न बदलतां फिरतो. आणि असें असूनहि त्यांतील एकहि तारा त्याला खिळलेला नाहीं. कवायतींत मुलांची रांग एका टोंकाभोंवतीं वळते तेव्हां प्रत्येक मुलगा आपली जागा धरून असतो. येथें तसें नाहीं. दंडांतील तारे लांबट, अंडाकृति मार्गांनीं दंडाच्या अंगानें ये-जा करतात, आणि ते मार्ग एकाच दिशेला रोंखलेले असल्यामुळें सर्वांची मिळून दांड्यासारखी आकृति दिसते. अशा गतींचें गणित घडविण्यांत बेर्टिल लिंडब्लाड या स्वीडिश ज्योतिर्विदाचा मोठा वाटा होता. आणि त्याचा मुलगा पेर ओलोफ लिंडब्लाड यानें तर नेमक्या याच एन. जी. सी. १३६५ चा दीर्घकाळ अभ्यास करून १९९९ सालीं तिच्यावर एक विस्तृत निबंध लिहिला. बापानें सूत्र मांडावें व मुलानें त्याचें उदाहरण सोडवावें, असे योग विद्येंत क्वचित् येतात.

दंड मुळांत उत्पन्न कां होतो, याचें उत्तर दुर्बिणींतून मिळालें नाहीं. तें गणकयंत्रांतून मिळालें. १९७३ सालीं ऑस्ट्रायकर आणि पीबल्स या दोघांनीं कांहीं शें बिंदु घेऊन त्यांची फिरती तबकडी यंत्रांत चालवून पाहिली. तबकडी स्वस्थ राहीना. थोड्याच फेऱ्यांत ती विसकटे आणि तिच्या मध्यभागीं दंडासारखा आकार उमटे. प्रश्न उलटाच झाला : दंड कां येतो हा नव्हे, तर ज्या दीर्घिकांत दंड नाहीं त्या शांत कशा राहिल्या, हा. त्यांनीं उत्तर सुचविलें, कीं तबकडीभोंवतीं न दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा गोल असावा आणि तो तिला सांवरून धरीत असावा. अदृश्य द्रव्य या कल्पनेच्या बाजूनें दिलेल्या महत्त्वाच्या पुराव्यांत या कामाची गणना होते. आज आपल्या आसपासच्या तबकडीसारख्या दीर्घिका अवरक्त प्रकाशांत पाहिल्या, तर सुमारें दोन-तृतीयांशांत कमी-अधिक स्पष्ट दंड आढळतो. जी गोष्ट अपवाद वाटत होती, तीच बहुमतांत निघाली.

आणि हा दंड नुसता दागिना नव्हे. त्याच्या दोन्ही अंगांनीं, फिरण्याच्या दिशेकडील कडेला, काळसर धुळीच्या दोन वाकड्या रेघा छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. हें पाहिलेलें. तेथील वायूचा वेग एकाएकीं बदलतो, हें मोजलेलें. यावरून अनुमान असें, कीं फिरत्या दंडाच्या ओढीमुळें वायूचे प्रवाह तेथें एकमेकांवर आदळतात, आपली गति गमावतात आणि केंद्राकडे घसरतात. घरचें जातें आठवावें. त्यांत दाणे मध्यें पडतात व पीठ कडेला येतें. हें जातें उलटें आहे : कडेचा माल हें मध्यभागीं आणून टाकतें. गुरुत्वाकर्षणानें वायु आपोआप केंद्रांत कां पडत नाहीं, असें कोणी विचारील. तर त्याचें कारण त्याचें फिरणें. दोरीला बांधून गरगर फिरविलेला दगड हातांत येऊन पडत नाहीं, तसेंच हें. त्याचें फिरणें कोणीं तरी काढून घेतलें पाहिजे, आणि तें काम दंड करतो.

घसरत आलेला हा वायु थेट मध्यबिंदूंत पोंचत नाहीं. केंद्राभोंवतीं एका कड्यांत अडकून सांचतो, आणि तेथें ताऱ्यांचे जन्म धडाक्यानें होतात. धुळीमुळें हा भाग साध्या प्रकाशांत झांकलेला असतो. २०२१ सालच्या अखेरीस पाठविलेल्या वेब दुर्बिणीनें अवरक्त प्रकाशांत त्या पडद्याच्या आंत पाहिलें, तेव्हां प्रत्येकीं सूर्याच्या दहा लाख पटींहून अधिक वस्तुमान असलेले आणि एक कोटि वर्षांहूनहि कमी वयाचे सुमारें ३० तारकागुच्छ तेथें आढळले. ताऱ्यांच्या आयुष्याच्या मानानें हीं तान्हीं मुलें होत. आपल्या आकाशगंगेंत एवढा मोठा व एवढा तरुण गुच्छ आढळत नाहीं. लाकायनें या प्रदेशाला भट्टी म्हटलें तें सहजगत्या. पण नांव चपखल बसलें.

कड्याच्याहि आंत, अगदीं मध्यबिंदूंत, एक कृष्णविवर आहे. त्याचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें वीस लाख पट असावें असा अंदाज आहे. कृष्णविवर स्वतः दिसत नाहीं. त्यांत पडणारा वायु तापून क्ष-किरण फेंकतो, ते दिसतात. २००६ सालच्या एप्रिलांत चंद्रा नांवाच्या क्ष-किरण दुर्बिणीनें, जिला आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांचें नांव दिलेलें आहे, या केंद्राकडे दर दोन दिवसांनीं एकदां याप्रमाणें सहा वेळां पाहिलें. पांच वेळां केंद्राचे प्रखर क्ष-किरण दिसले. दुसऱ्या खेपेस ते गडप झाले होते. वायूचा एक ढग आडवा येऊन गेला. तें एक ग्रहणच होतें. ग्रहण किती लवकर लागलें व सुटलें, यावरून झांकलेल्या बिंबाची रुंदी काढतां येते. ती निघाली पृथ्वी-सूर्य अंतराच्या अवघी सात पट. सहा कोटि प्रकाशवर्षांवरील एवढीशी वस्तु कोणत्याहि दुर्बिणीला आकारानें दिसती ना. ती एका ढगाच्या सावलीनें मोजून दिली. मला स्वतःला या साऱ्या हकीकतींत हें मोजमाप सर्वांत अधिक आवडतें, कारण त्यांतील युक्ति शाळेंतील मुलालाहि कळण्यासारखी आहे. पुढें २०१३ सालीं दोन क्ष-किरण दुर्बिणींच्या एकत्र वेधांवरून हें कृष्णविवर स्वतःभोंवतीं किती वेगानें फिरतें तेंहि ठरविण्यांत आलें : सिद्धांतानें घातलेल्या कमाल मर्यादेच्या निदान ८४ टक्के. त्यापूर्वीं हीच क्ष-किरणांची विकृति आडव्या ढगांमुळें होते असें म्हणणारा एक पक्ष होता. जास्त शक्तीच्या क्ष-किरणांच्या वेधांनीं त्या पक्षाची बाजू लंगडी पडली.

आतां थोडें ऐकण्याविषयीं. माझा आवाज ज्या लहरींवरून आपल्या घरीं येत आहे, त्यांच्याच कुळांतील, परंतु फक्त २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी थंड हायड्रोजन वायूमधून निघतात. असें होईल हें डच शास्त्रज्ञ व्हान डे हुल्स्ट यानें १९४४ सालीं गणितानें सांगितलें, आणि १९५१ सालीं त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. अमेरिकेंतील न्यू मेक्सिकोमधील रेडिओ-दुर्बिणींनीं एन. जी. सी. १३६५ च्या या लहरी टिपल्या, तेव्हां तिच्या वायूची तबकडी कडेला किंचित् मुरडलेली आढळली. याच प्रकारचें श्रवणकार्य आपल्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें चालतें. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या त्या दुर्बिणींत प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या बाजूनें जाणाऱ्यांना त्या रस्त्यावरून दिसतातहि. पण तेथें काय ऐकलें जातें याची चौकशी फार थोडे करतात.

शेवटीं आपल्या घरचा प्रश्न. आपली आकाशगंगा कोणत्या जातीची ? तिच्या आंतच राहत असल्यामुळें आपणांस तिचें चित्र बाहेरून काढतां येत नाहीं. घरांत बसून घराचा नकाशा काढण्यासारखें हें काम. पुष्कळ वर्षें पुस्तकांत ती साधी सर्पिल म्हणून दाखवीत. केंद्राजवळील वायूच्या विचित्र वेगांवरून तींत दंड असावा, असें द व्होकुलर यानें १९६४ सालीं सुचविलें. १९९० नंतरच्या दशकांत अवरक्त प्रकाशांतील वेधांनीं त्याला बळकटी आली. आणि २००५ सालीं स्पिट्झर दुर्बिणीनें कोट्यवधि ताऱ्यांची मोजणी करून तो दंड सुमारें २७ हजार प्रकाशवर्षें लांब असल्याचें दाखविलें. लांबीबद्दल अजून मतभेद आहेत. दंड आहे याबद्दल नाहींत. सूर्य केंद्रापासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे एन. जी. सी. १३६५ कडे आपण परक्याचें घर म्हणून पाहत होतों, तें बव्हंशीं आपल्याच घराच्या बांधणीचें निघालें. आपलें मात्र लहान व कमी भपकेबाज.

या घरच्या दंडाविषयीं एक गोष्ट २०२१ सालीं पुढें आली. २०१३ सालीं पाठविलेल्या गाया या यानानें आकाशगंगेंतील ताऱ्यांचीं स्थानें व वेग अतिशय सूक्ष्मतेनें मोजले. दंडाच्या तालावर फिरणाऱ्या ताऱ्यांचा एक समूह त्यांत आहे. त्या समूहाच्या रचनेवरून इंग्लंडांतील दोन संशोधकांनीं असा निष्कर्ष काढला, कीं निर्माण झाल्यापासून आजवर दंडाची गति सुमारें एक-चतुर्थांशानें मंदावली आहे. त्याला लगाम कोण घालतो ? त्यांचें उत्तर, भोंवतालचें अदृश्य द्रव्य. पाण्यांत फिरविलेल्या पळीला पाण्याचा अडथळा व्हावा, तसा त्याचा दंडाला होतो. अदृश्य द्रव्य मानूं नये, गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा, असें म्हणणारे विद्वानहि आहेत, आणि त्यांनीं या मंदावण्याची उपपत्ति आतां लावून दाखविली पाहिजे. दुसरीकडे, २०२३ सालीं वेब दुर्बिणीच्या चित्रांत सुमारें ११ अब्ज वर्षांपूर्वींच्या दीर्घिकांतहि दंड आढळले. इतक्या लवकर ते उत्पन्न झालेच कसे, हें रूढ उपपत्तीच्या पुरस्कर्त्यांना नीटसें सांगतां आलेलें नाहीं. दोन्ही पक्षांपुढें एकेक अवघड गणित आहे, आणि निकाल अजून लागलेला नाहीं.

आपल्या आकाशगंगेचा हा दंड ज्या दिशेला आहे, ती दिशा मात्र कोणासहि पाहतां येईल. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आरंभीं, चंद्र नसेल अशा संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास दक्षिणेकडून थोडें पश्चिमेस पाहावें. तेथें धनु राशींतील किटलीसारखी आठ ताऱ्यांची आकृति असते. तिच्या तोटीच्या उजव्या अंगास केंद्राची दिशा. आणि दंडाचें आपल्या बाजूचें टोंक तेथून डावीकडे वर, गरुडाच्या दिशेस झुकलेलें. तेथें दिसणाऱ्या दुधाळ पट्ट्यांत मधोमध जी काळी भेग दिसते, ती धूळ होय. तिच्यामागें दंड आहे.